समाज बदलला म्हणजे नेमके काय झाले? समाजबदलाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

समाजबदलावरचा प्रबंध किंवा अहवाल उघडला की बहुधा एकच चित्र दिसते. ‘आज’ची माहिती भरभरून असते. तक्ते असतात, मुलाखती असतात, छायाचित्रे असतात. ‘पूर्वी’ मात्र दोन परिच्छेदांत उरकलेले असते, तेही ‘पूर्वी एकोपा होता’, ‘पूर्वी माणसे समाधानी होती’ अशा ऐकीव वाक्यांवर. बदल ही दोन काळांमधली तुलना आहे. तिची एक बाजू भुसभुशीत असेल तर दुसरी कितीही भक्कम असून काही सिद्ध होत नाही. म्हणूनच या लेखात ‘आधी’ कसे उभे करायचे याला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे.

एखादी वस्ती, गाव, व्यवसायगट किंवा समूह कसा बदलत गेला हे स्वतः शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी हे लिहिले आहे. मोठा निधी हाताशी नाही आणि माणसे मोजकीच आहेत, असे गृहीत धरले आहे.

पायरी १ : विषयातून प्रश्न काढा

‘अमुक समूहातील बदलांचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. बदल कोणाचा, कशातला, कोणत्या काळातला आणि कशाच्या तुलनेत, हे चारही ठरले की विषयाचा प्रश्न होतो. ‘स्त्रियांचे स्थान बदलले का?’ यावर आयुष्यभर बोलता येईल, पण शोधता काहीच येणार नाही. त्याऐवजी ‘गेल्या वीस वर्षांत या वस्तीतल्या विवाहित स्त्रियांचा घरातल्या पैशांच्या निर्णयांतला वाटा वाढला का आणि कमावत्या व न कमावत्या स्त्रियांमध्ये तो सारखाच वाढला का?’ असे विचारले की पुढची वाट दिसू लागते.

प्रश्न ठरला की लगेच स्वतःला विचारा, हा बदल मला दिसणार कुठे? ‘निर्णयातला वाटा’ डोळ्यांना दिसत नाही. खाते कोणाच्या नावावर आहे, मोठी खरेदी कोणाच्या होकारावर अडते, न विचारता किती रक्कम खर्च करता येते, हे मात्र दिसते, सांगता येते आणि वीस वर्षांपूर्वीचेही आठवून सांगता येते. प्रत्येक मोठ्या शब्दाखाली अशा तीन-चार खुणा लिहून काढा. एकाही शब्दाखाली खुणा सुचत नसतील तर प्रश्न अजून कच्चा आहे, घराबाहेर पडण्याची घाई करू नका.

आवाका छोटा ठेवा, असेही सांगेन. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने १९२४-२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील मन्सी या शहराचा अभ्यास केला तेव्हा सगळे शहर कवेत घेतले होते. तरीही त्यांनी जीवनाचे सहा भाग पाडले : उपजीविका, घर-संसार, मुलांचे शिक्षण, फावला वेळ, धर्माचरण आणि सार्वजनिक कामे. प्रत्येक भागात १८९० आणि १९२४ ही दोन वर्षे समोरासमोर ठेवली. १८९० हे वर्ष त्यांनी विचार करून निवडले होते, कारण मोठ्या कारखानदारीचा जोर तिथे त्यानंतर वाढला. तुलनेचे वर्ष असे ठरवायचे असते. ‘पंचवीस वर्षांपूर्वी’ हा आकडा गोल आहे म्हणून घेऊ नका, तुमच्या प्रश्नातल्या वळणाच्या आधीचा टप्पा शोधा.

पायरी २ : बदलले ते कोण, हे ठरवा

समजा एका वस्तीत १०० कुटुंबे आहेत आणि त्यांतल्या ४० कुटुंबांत शालेय शिक्षण पूर्ण केलेले किमान एक माणूस आहे. दहा वर्षांनी पाहावे तर १०० पैकी ६० कुटुंबांत तसे माणूस आढळते. शिक्षण वाढले, असे लिहून आपण मोकळे होतो. पण न शिकलेली २० कुटुंबे भाडे परवडेना म्हणून निघून गेली असतील आणि त्यांच्या जागी शिकलेली २० आली असतील, तर आकडा अगदी हाच येतो आणि एकाही कुटुंबात नव्याने कोणी शिकलेले नसते. वस्ती बदलली, माणसे बदलली नाहीत. हेही बदलाचेच रूप आहे, पण त्याची कारणे, त्याचे दुःख आणि त्यावरचे उपाय सगळे वेगळे.

म्हणून पहिल्या दिवसापासून चार रकान्यांची वही ठेवा : आलेले, गेलेले, जन्मलेले आणि वारलेले. वस्तीचा नकाशा हाताने काढा, प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि त्या घरात तुलनेच्या वर्षी कोण होते ते शेजाऱ्यांकडून भरून घ्या. काम कंटाळवाणे आहे, पण एवढ्या स्वस्तात इतके काही सांगणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

एककही इथेच पक्के करा. तुम्ही माणसाचा बदल मोजता आहात, कुटुंबाचा की संस्थेचा? कुटुंब हे एकक वाटते तितके स्थिर नसते. वीस वर्षांपूर्वीच्या एका घराची आज तीन घरे झालेली असतात. त्यांपैकी ‘तेच’ कुटुंब कोणते? नियम आधीच लिहून ठेवा. मला सोयीचा वाटतो तो असा : मूळ कुटुंबातल्या सर्व शाखांचा माग ठेवायचा, एकाच चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरायचे आणि कोणती शाखा कुठून फुटली याचा क्रमांक जपायचा. फक्त मूळ जागी राहिलेल्या शाखेकडेच गेलात तर बाहेर पडलेल्यांची प्रगती आणि परवड दोन्ही निसटतात.

पायरी ३ : ‘आधी’ उभे करा

‘आधी’ तीन ठिकाणी सापडते : कोणीतरी पूर्वी केलेल्या अभ्यासात, कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणींत. तिन्ही ठिकाणचे ‘आधी’ वेगवेगळ्या रीतीने फसवते, म्हणून शक्य तिथे तिन्ही वापरावेत.

जुना अभ्यास मिळाला तर मोठेच भाग्य, पण त्याला प्रमाण मानून चालू नका. मेक्सिकोतल्या तेपोझ्त्लान या गावाचा रॉबर्ट रेडफील्ड यांनी १९२६-२७ मध्ये अभ्यास केला आणि बऱ्यापैकी एकजिनसी, सलोख्याच्या समाजाचे चित्र रंगवले. १९४३ पासून ऑस्कर ल्युइस यांनी त्याच गावात काम केले. त्यांना हेवेदावे, अविश्वास, गरिबी आणि जमिनीवरची भांडणे दिसली. मधल्या सतरा वर्षांत गावाचा एकोपा मोडला होता का? तेवढ्यानेच दोन्ही चित्रांमधली तफावत उलगडत नाही. पुढे रेडफील्ड यांनीच मोकळेपणाने मान्य केले की, आपल्या अभ्यासामागे ‘ही माणसे कशात रमतात’ हा प्रश्न दडलेला होता आणि ल्युइस यांच्या अभ्यासामागे ‘ही माणसे कशाने गांजतात’ हा.

फेरअभ्यास करणाऱ्याने हे उदाहरण कायम जवळ ठेवावे. दोन अभ्यासांतला फरक जागा बदलल्यामुळे पडतो, अभ्यासक बदलल्यामुळे पडतो आणि पद्धत बदलल्यामुळेही पडतो. यांतला कोणता वाटा किती हे कळण्यासाठी जुन्या अभ्यासाची मूळ प्रश्नावली, व्याख्या, नकाशा आणि कोणाकोणाशी बोलले होते त्याची नोंद मिळवा. जुने प्रश्न आज कितीही ओबडधोबड वाटले तरी आधी जसेच्या तसे विचारा आणि मगच स्वतःचे प्रश्न काढा. मन्सीमध्ये १९२४ साली शाळेतल्या मुलांना विचारलेले प्रश्न १९७७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी पुन्हा तिथल्याच शाळकरी मुलांना विचारले. शब्द तेच राहिल्यामुळे अर्धशतकाची तुलना शक्य झाली. जुन्या अभ्यासातून कोण वगळले गेले होते तेही तपासा. लिंड दांपत्याने शहरातल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना जवळजवळ बाहेरच ठेवले होते. अशा अभ्यासाशी आजच्या संपूर्ण शहराची तुलना केली तर वगळलेल्यांचे असणे हाच ‘बदल’ ठरेल.

कागदपत्रांकडे वळा. जनगणना, शाळेची पटनोंदणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे, संस्थांची इतिवृत्ते, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, जुनी छायाचित्रे, खासगी पत्रे यांतून माणसे आजच्या अभ्यासकाकडे न पाहता बोललेली असतात. विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नानियेत्स्की यांनी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केलेला पोलिश स्थलांतरितांचा अभ्यास अशा कौटुंबिक पत्रांवर उभा आहे. स्थलांतरितांच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पत्रे विकत घेतली गेली होती. त्यांतून दुरावणाऱ्या कुटुंबांचे जे दर्शन घडते ते कोणत्याही प्रश्नावलीतून घडले नसते. पण ज्यांनी पत्रे लिहिली, ज्यांच्या घरी ती जपली गेली आणि ज्यांनी ती द्यायची तयारी दाखवली, तेवढेच त्यात बोलतात.

प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायची सवय लावा. तो कोणी लिहिला? कशासाठी? नोंद जास्त किंवा कमी झाल्याने कोणाचा फायदा होता? कराच्या नोंदीत मालमत्ता आखडते, मदतीच्या यादीत घरातली माणसे फुगतात. शाळेच्या पटावर नाव असणे आणि मूल वर्गात असणे यांतही अंतर असते. शिवाय सीमा हलतात. ज्या हद्दीचे आकडे तुम्ही दोन जनगणनांमधून काढता ती हद्द दोन्ही वेळी तीच होती का? व्यवसायांचे वर्गीकरण तेच होते का? घरकाम किंवा घरच्या शेतीत राबणाऱ्या स्त्रियांना ‘काम करणाऱ्या’ धरायचे की नाही, याचा नियम बदलला तरी कष्ट करणाऱ्या स्त्रियांची संख्या कागदावर चढ-उतार करते, कष्ट तेवढेच राहतात. आकडे वापरण्याआधी ‘व्याख्या आणि हद्द’ असा एक तक्ता बनवा. ज्या वर्षी व्याख्या बदलली तिथे जाड रेघ मारा आणि त्या रेघेपलीकडची तुलना सावधपणे करा.

आठवणींचा भाग सर्वांत नाजूक आहे. माणूस दूरची घटना जवळ ओढतो, जवळची दूर ढकलतो आणि आपल्या आजच्या मताला पूर्वीपासूनचे ठरवतो. याचा अर्थ आठवणी टाकाऊ आहेत असा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४१ मध्ये दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारले की, संकरित मक्याचे बियाणे पहिल्यांदा कधी पेरले आणि त्याविषयी कोणाकडून ऐकले. दोघे वगळता सगळ्यांनी तोवर ते स्वीकारलेले होते. सुरुवातीची वर्षे संथ, मग एकदम लाट आणि शेवटी मागे राहिलेले थोडे, असा नव्या गोष्टींच्या प्रसाराचा आलेख त्यातून पुढे आला. बियाणे विकणाऱ्यांकडून अनेकांना माहिती कळली होती, पण पेरायचा निर्णय शेजाऱ्यांकडे पाहून झाला होता. हा सारा अभ्यास आठवणींवर उभा होता. तो उभा राहिला कारण विचारलेली गोष्ट ठोस होती. माणसाने केलेल्या आणि एकदाच पहिल्यांदा घडलेल्या कृतीविषयी ते विचारणे होते.

यातून नियम निघतो : आठवणीला घटना विचारा, भावनांचे मोजमाप विचारू नका. ‘पूर्वी लोक एकमेकांना मदत करायचे का?’ याला सगळे हो म्हणतील. ‘तुमच्या घरी शेवटचे मोठे आजारपण आले तेव्हा रात्री दवाखान्यात कोण थांबले? त्याच्या आधीच्या आजारपणात कोण थांबले होते?’ याची उत्तरे तुलना करण्याजोगी असतात.

वर्षे पक्की करण्यासाठी घटनांची दिनदर्शिका बनवा. एका मोठ्या कागदावर एका कडेला वर्षे लिहा. पहिल्या रकान्यात सगळ्यांना ठाऊक असलेल्या सार्वजनिक घटना भरा : पूर, निवडणूक, रस्ता झाला ते वर्ष, कारखाना बंद पडला ते वर्ष. पुढचे रकाने त्या व्यक्तीचे : राहते घर, काम, शिक्षण, लग्न व मुले, आजारपण, स्थलांतर. कागद दोघांच्या मधे ठेवून भरायला लागा. ‘दुसरी मुलगी झाली तेव्हा काम सुटलेले होते का?’ अशा विचारण्याने वर्षे आपोआप जागेवर बसतात. एकाच घरातल्या दोघांशी वेगवेगळे बोला. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे कोण खरे हे ठरवायला धावू नका, ती विसंगती लिहून ठेवा. बऱ्याचदा बदलाची झळ कोणाला जास्त लागली ते तिथेच कळते.

आणि निघून गेलेल्यांना शोधा. राहिलेल्यांच्या आठवणींत राहणे योग्य ठरलेले असते.

पायरी ४ : अभ्यासाची रचना निवडा

एकाच समाजात ठरावीक काळाने प्रत्येक वेळी नवा नमुना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने निवडलेली मोजकी माणसे, घेऊन पाहणी करता येते. भारतात १९९२-९३ पासून होणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी या प्रकारची आहे. समाजाची एकूण दिशा तीत दिसते, पण कोणते कुटुंब वर गेले आणि कोणते घसरले हे दिसत नाही. ते हवे असेल तर त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक बाळांचा माग आयुष्यभर घेतला गेला आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६८ पासून कुटुंबांचा असाच माग ठेवला आणि त्यांच्यातून फुटून निघालेल्या मुलांच्या कुटुंबांचाही. उत्तर प्रदेशातल्या पालनपूर या एकाच गावात १९५७-५८ पासून दर दशकात किमान एकदा अभ्यासक परतले आहेत. एकट्या संशोधकाला पालनपूरची वाट जवळची आहे. गाव छोटे आणि काळ मोठा.

या मार्गाचा शत्रू म्हणजे गळती. पहिल्या फेरीतली माणसे दुसऱ्या फेरीत सापडत नाहीत आणि न सापडणारी माणसे सरसकट कोणीही नसतात. भाड्याने राहणारी, हंगामी काम करणारी, आजारी, घर मोडलेली माणसे आधी गळतात. उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष बहुधा थोडा जास्त आशादायक असतो. उपाय पहिल्याच फेरीत करायचा असतो. प्रत्येकाकडून, संमतीने, ‘तुम्ही इथून गेलात तर तुमचा पत्ता कोणाला ठाऊक असेल?’ हे दोन माणसांच्या नावांसह लिहून घ्या. दुसऱ्या फेरीनंतर गळलेल्यांची पहिल्या फेरीतली उत्तरे राहिलेल्यांच्या उत्तरांशी ताडून पाहा आणि तो तक्ता अहवालात छापा.

बरेच विद्यार्थी मात्र एकदाच पाहणी करतात, वेगवेगळ्या वयांच्या माणसांना विचारतात आणि वृद्धांच्या उत्तरांना ‘पूर्वी’, तरुणांच्या उत्तरांना ‘आता’ मानतात. वीस वर्षांच्यांपेक्षा साठ वर्षांचे लोक धार्मिक कार्यक्रमांना जास्त जातात, असे आढळले. त्याची तीन वाचने होतात. वय वाढले की माणूस तिकडे वळतो आणि आजचे तरुणही वळतील. किंवा त्या पिढीचे संस्कारच वेगळे होते आणि ते तिच्याबरोबर संपतील. किंवा सध्याच्या एखाद्या घडामोडीने वृद्धांवर जास्त परिणाम केला आहे. वय, पिढी आणि काळ हे तीन धागे एकमेकांत असे अडकलेले असतात की पाहणीचे वर्ष आणि जन्माचे वर्ष कळले की वय ठरूनच जाते. तिसरा धागा मोकळा उरत नाही. केवळ आकडेमोडीने ही गाठ सुटत नाही, कोणते ना कोणते गृहीतक धरावेच लागते. म्हणून एकाच पाहणीवर अवलंबून असाल तर जुन्या पाहणीतले त्याच जन्मवर्षांचे लोक शोधा. आज साठ वर्षांचे असलेले लोक तीस वर्षांचे असताना काय करत होते हे एका तरी स्रोतातून मिळाले, तर तीनपैकी एखादे वाचन बाद होते.

पायरी ५ : मोजपट्टी हलू देऊ नका

भारतात १९९९-२००० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत खाण्यावरच्या खर्चाविषयी एकाच कुटुंबाला दोन प्रकारे विचारले गेले : गेल्या ७ दिवसांचा खर्च आणि गेल्या ३० दिवसांचा खर्च. कपडे, शिक्षण अशा क्वचित होणाऱ्या खर्चासाठी कालावधी ३६५ दिवसांचा केला गेला. १९९३-९४ च्या फेरीत खाण्याच्या खर्चासाठी ३० दिवसांचाच कालावधी होता. प्रश्न शेजारी-शेजारी आल्यामुळे सांगणाऱ्यांनी एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ घातला असावा, अशी शंका आली. गरिबी खर्चाच्या याच आकड्यांवरून मोजली जात असल्याने त्या दशकात ती खरोखर किती घटली यावर अर्थतज्ज्ञांत दीर्घ वाद झाला. प्रामाणिक, अनुभवी यंत्रणेने केलेल्या एवढ्या मोठ्या पाहणीत प्रश्नाची रचना बदलल्याने तुलनाच अडकली.

तुमच्या छोट्या अभ्यासातही मूळ प्रश्न गोठवून ठेवा. शब्द, क्रम, उत्तरांचे पर्याय, विचारण्याचा हंगाम, सगळे तेच हवे. पेरणीच्या दिवसांत विचारलेले कामाचे तास आणि सुगी सरल्यावर विचारलेले कामाचे तास यांची तुलना होत नाही. प्रश्न सुधारणे अगदी गरजेचेच असेल तर चिठ्ठ्या टाकून नमुन्याचे दोन भाग करा. एका भागाला जुना प्रश्न विचारा, दुसऱ्याला नवा. मग प्रश्न बदलल्याने उत्तर किती हलते हे कळते आणि जुन्या आकड्यांशी पूल बांधता येतो.

काही मोजमापे न विचारताही घ्यावीत. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या कापडगिरणीच्या वसाहतीत गिरणी बंद पडून जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. त्यांनी वेळेच्या नोंदी भरून घेतल्या, जेवणाच्या वह्या ठेवल्या, मुलांचे निबंध वाचले. गावच्या वाचनालयातून १९२९ ते १९३१ या काळात नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यांना आढळले, आणि तेही लोकांकडे रिकामा वेळच वेळ असताना. मुख्य रस्त्यावर माणसे किती वेगाने चालतात हेही त्यांनी मोजले. पुरुष रेंगाळत, थांबत चालत होते, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया झपझप जात होत्या. बेकारीने बंड पेटेल अशी त्या काळी अनेकांची अपेक्षा होती. त्यांना आढळली ती खचलेपणाची, हळूहळू आकसत जाणारी जगण्याची रीत. ‘तुम्ही खचला आहात का?’ असे विचारून हे कळले नसते. तुमच्या प्रश्नासाठी अशी निदान एक तरी खूण शोधा. बाकांवर कोण बसते, फलक कोणत्या भाषेत आहेत, सभेत कोण किती वेळा बोलते, दिवे किती वाजता मालवतात, हे सारे मोजता येते.

पायरी ६ : क्षेत्रकार्य

कोणाच्या ओळखीने आत शिरता त्यावर तुम्हाला काय दिसणार हे बरेचसे ठरते. पुढाऱ्याच्या गाडीतून उतरलात तर विरोधी गट तुम्हाला गोड बोलून कटवेल. शक्य असेल तर दोन वेगळ्या वाटांनी ओळख काढा आणि पहिल्या काही दिवसांत प्रश्नावली बाहेरच काढू नका. नकाशा काढणे हे त्या दिवसांतले उत्तम काम आहे. त्या निमित्ताने सगळीकडे फिरता येते आणि लोकांनाही ते समजते.

दुपारी गेलात तर वृद्ध आणि गृहिणी भेटतात, संध्याकाळी कामकरी. सुट्टीच्या दिवशीची वस्ती आणखी वेगळी. वेळा बदलून जा, नाहीतर ‘समाजाचे मत’ म्हणून दुपारी घरी असणाऱ्यांचे मत छापाल.

टिपणे त्याच दिवशी लिहा. पाहिलेले, ऐकलेले आणि तुम्हाला वाटलेले यांसाठी वेगळे रकाने ठेवा. वीस वर्षांनी तुमच्या वाटण्याला फारशी किंमत नसेल, पाहिलेल्याला मात्र असेल. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या गावात १९४८ मध्ये केलेल्या क्षेत्रकार्याच्या, नंतर संस्कार करून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्ड इथल्या आगीत एकाच वेळी जळाल्या, कारण तिन्ही एकाच इमारतीत होत्या.

पायरी ७ : कारणाकडे जाताना

बदल झाला हे दाखवणे एक आणि तो अमुकमुळे झाला हे दाखवणे दुसरे. रस्ता झाला आणि त्यानंतर मुली शाळेत जाऊ लागल्या, म्हणून रस्त्यामुळे गेल्या असे होत नाही. त्याच काळात रस्ता न झालेल्या शेजारच्या वस्त्यांतही मुली तितक्याच वाढल्या असतील.

म्हणून बदल घडवणारी गोष्ट जिथे पोचली नाही अशी जुळणारी जागा शोधा आणि दोन्हीकडे ‘आधी’ व ‘नंतर’ असे चार आकडे मिळवा. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी असेच केले. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात ते बदलले नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांतली नोकरांची संख्या वाढीच्या आधी आणि नंतर त्यांनी ताडून पाहिली. वेतन वाढवले की नोकऱ्या घटतात ही रूढ समजूत तिथे खरी ठरली नाही. पुढे इतरांनी पगाराच्या नोंदी वापरून या निष्कर्षाला आव्हान दिले आणि वाद बराच रंगला. एखाद्या रचनेवर असे नेमके बोट ठेवून वाद घालता येतो, हेच तिचे बळ आहे. या पद्धतीत एक अट लपलेली असते : ती गोष्ट घडली नसती तर दोन्ही जागा सारख्याच वाटेने गेल्या असत्या. ती अट तपासण्यासाठी बदलाच्या आधीची एकच नव्हे, अनेक वर्षे पाहावी लागतात. इथेही ‘आधी’ लागतेच.

तुलनेची जागा मिळाली नाही तर साखळीचा माग घ्या. रस्त्यामुळे मुली शाळेत गेल्या असतील तर मधल्या कड्या दिसायला हव्यात : वाहन सुरू झाले, मुली त्याने जाऊ लागल्या, दूरच्या घरांतल्या मुलींमध्ये वाढ जास्त झाली. कड्या सापडल्या तर दावा बळकट होतो. जवळच्या घरांतच वाढ जास्त निघाली तर दुसरे कारण शोधा. तुमचे आवडते कारण खोटे असते तर काय दिसले असते, हे माहिती गोळा करण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर सगळे त्याच्याच बाजूने वाचण्याचा मोह आवरता येतो.

पायरी ८ : माणसांची जबाबदारी

संमती एकदा सही घेऊन संपत नाही. जो माणूस पहिल्या फेरीत हो म्हणाला तो दुसऱ्या फेरीत नाही म्हणू शकतो, आणि पूर्वी दिलेली माहितीही मागे घेऊ शकतो. हे त्याला पहिल्याच भेटीत सांगा.

नावे बदलली म्हणजे ओळख झाकली, असे मानू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावावर आर्थर व्हिडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी टोपणनावे वापरून १९५८ मध्ये लिहिले. गावकऱ्यांनी स्वतःला लगेच ओळखले आणि गावच्या मिरवणुकीत त्याच टोपणनावांचे मुखवटे घालून निषेध केला. लहान समूहात ‘गावातली एकमेव परिचारिका’ एवढे लिहिले की नाव लिहिल्यासारखेच आहे. ज्या वाक्याने कोणाचे नुकसान होऊ शकते ते वाक्य छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा. तपशील बदलून अर्थ टिकत असेल तर तपशील बदला, टिकत नसेल तर ते वाक्य गाळा.

मारिएनथालच्या गटाने ठरवले होते की कोणीही नुसता बघ्या म्हणून गावात राहायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचे काही काम करायचे. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, इतरही मदत उभी केली. त्यातून त्यांना माहितीही मिळाली, पण ते काम त्यांनी कर्तव्य मानून केले होते. मला हा नियम आजही सर्वांनी पाळावा असा वाटतो. निदान निष्कर्ष तरी लोकांच्या भाषेत, त्यांच्यासमोर, त्यांच्या सोयीच्या वेळी मांडा. तिथे होणारे वाद टिपून घ्या, तेही संशोधनच आहे.

पायरी ९ : लिहिणे आणि मागे ठेवणे

लिहिताना काय बदलले नाही यालाही प्रकरण द्या. बदलाच्या शोधात निघालेल्याला सगळीकडे बदलच दिसतो. जमीन कोणाच्या हातात राहिली, निर्णयाच्या खुर्चीवर कोण बसत आले, कोणते काम त्याच त्या माणसांच्या वाट्याला येत राहिले, हे टिकून राहिलेले लिहिले नाही तर बदलाचे मोल ठरवता येत नाही. सरासरीच्या खाली उतरून पाहा, कोणासाठी बदलले आणि कोणासाठी नाही. एका सरासरीत वर जाणारे आणि खाली जाणारे एकमेकांना पुसून टाकतात.

अभ्यास संपताना पुढच्या अभ्यासकासाठी एक पेटी तयार करा. तीत प्रश्नावलीची वापरलेली प्रत असावी, दुरुस्त्या आणि खाडाखोडीसह. नकाशा आणि घरांचे क्रमांक, व्याख्यांचा तक्ता, नमुना कसा निवडला, कोण भेटले नाही, मुलाखती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी झाल्या, हे सगळे असावे. ज्या जागांवरून छायाचित्रे काढली त्या नकाशावर खुणा करून ठेवा, म्हणजे कोणी पुन्हा तिथेच उभे राहून काढू शकेल. नावे आणि उत्तरे वेगवेगळी ठेवा, दोन्ही जोडणारी यादी तिसरीकडे, कुलपात. ती कोण, कधी आणि कोणत्या अटीवर उघडू शकेल ते लिहून द्या. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात ठेवा आणि नावांची यादी वगळून दुसरी त्या समूहाकडे. विसाव्या वर्षी परत येणारा अभ्यासक कदाचित त्यांच्यातलाच असेल, आणि त्याला ‘आधी’ शोधत हिंडावे लागू नये.